आबाजींच्या पोटातलं काळं वर्तुळ

पडद्यावर आबाजींचं डावं मूत्रपिंड दिसत होतं आणि त्याच्या वरच्या टोकाला एक काळंकुट्ट, गोल गरगरीत भोक होतं. बाकी सगळं चित्र राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं. मधेच हे भोक, कर्कटकानं आखून काळ्या शाईनं भरल्यासारखं.

शलाका काळमेघ अकरा वर्षांची होती आणि तिला प्रश्न पडायला वेळ लागत नसे. पोटात भोक असेल तर त्यातून काही सांडत कसं नाही? आणि एवढं भोक घेऊन आबाजींनी आज सकाळी दोन बशा तर्री-पोहे कसे काय रिचवले?

ती विचारणार, तेवढ्यात टेबलाशेजारी उभा असलेला यंत्रमानव बोलला. त्याचं नाव निदान. उंची दारापेक्षा थोडी कमी, आवाज बातम्या वाचणाऱ्यासारखा.

"उमेदवार वासुदेव काळमेघ, वय सदुसष्ट वर्षे. डाव्या मूत्रपिंडात गाठ. आकारमान तीन वर्षांपूर्वी ४.२ मिलिलिटर, आज ८.७ मिलिलिटर. वाढ दुपटीहून अधिक. उमेदवार अपात्र. हरकत असल्यास सायंकाळी पाच वाजेपर्यंत नोंदवावी. धन्यवाद."

'गाठ' हा शब्द शलाकाला कळला होता, 'अपात्र' त्याहून जास्त कळला होता. आणि इतकं सगळं सांगून वर 'धन्यवाद' म्हणणाऱ्या त्या यंत्राचा तिला मनस्वी राग आला.

हे सगळं चाललं होतं सन २०५३च्या नोव्हेंबरात, नागपूरच्या चांद्रबाग मोहिमेच्या तपासणी केंद्रात. तेव्हा चंद्रावरच्या वस्तीत साठ माणसं राहत होती. काचेच्या मोठ्या घुमटांखाली त्यांनी पालक पिकवला, टोमॅटो पिकवले, पण संत्री काही केल्या जमेनात. संत्र्याचं झाड बी पेरून वाढवायचं म्हटलं तर फळाची वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते, म्हणून आपले बागायतदार जंभेरी नावाच्या रांगड्या लिंबाचं रोप घेतात आणि त्याच्या सालीत खाच पाडून संत्र्याचा डोळा (फांदीवरचा इवलासा कोंब) बसवतात. मुळं जंभेरीची, फळं संत्र्याची. चंद्रावरच्या यंत्रांनी असे तीनशे चाळीस डोळे बांधून पाहिले आणि तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस वाळले. साल किती दाबली की ती सुटते, हे अंगठ्याला कळावं लागतं, आणि यंत्रांना कुठला आलाय अंगठा! तिथल्या माणसांपैकीही कुणी कधी डोळा बांधला नव्हता.

मग शोध सुरू झाला तो अशा अंगठ्याचा. वरुडकडच्या सावंगी गावचे वासुदेव काळमेघ, म्हणजे शलाकाचे आबाजी, पन्नास वर्षं डोळे बांधत होते. त्यांनी बांधलेल्या शंभरातले सत्त्याण्णव जगत. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत ते पहिले आले. आज फक्त शरीराची तपासणी उरली होती. घरी आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड ऐन भरात असल्यामुळं आई-बाबा बागेत अडकले होते, म्हणून सोबतीला शलाका आली होती.

आबाजी टेबलावरून उतरले, सदऱ्याची बटणं लावली आणि म्हणाले, "चाल पोरी. पाचची बस भेटते."

"आबाजी, तुमच्या पोटात दुखते काय?"

"मले काई दुखत नाई. बैलावानी ठणठणीत हावो मी."

"मग काऊन नाई म्हणते तो?"

"नाई म्हणते त नाई म्हणते. चंद्र काय, खालूनबी दिसतेच."

आबाजी हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी आपली हत्याराची पिशवी मांडीवर घेतली. त्यातला डोळे बांधायचा चाकू त्यांनी फडक्यात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. गेलं वर्षभर हा माणूस रोज पहाटे धावत होता, या वयात इंग्रजी सूचना पाठ करत होता. आजी गेल्यावर पहिल्यांदाच त्यांच्या अंगात असा हुरूप आला होता. शलाकाला रडू आवरेना. चंद्र गेला चुलीत, पण आबाजी मरणार तर नाहीत ना, हे तिला आधी हवं होतं.

"नाही मरणार," कुणीतरी म्हणालं. तिनं ते मोठ्यानं विचारलं होतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

पुढ्यात डॉक्टर उर्मिला तिरपुडे उभ्या होत्या, केंद्राच्या मुख्य डॉक्टर. केस पांढरे, पायात धावण्याचे बूट, हातात आबाजींची चित्रं दाखवणारी पडद्याची पाटी. त्या सरळ शलाकाशेजारी बाकावर बसल्या.

"निदान नुसते आकडे सांगतो. समजावून सांगायचं काम माझं आहे, आणि मला यायला उशीर झाला. माफ कर. विचार आता, काय विचारायचं ते."

"ते भोक कायचं आहे?"

"ते भोक नाही. तू रिकाम्या विहिरीत ओरडलीस तर काय होतं?"

"आवाज वापस येतो."

"बरोबर. हे यंत्र तेच करतं. आपल्याला ऐकू येणार नाहीत इतक्या बारीक आवाजाच्या लाटा ते पोटात सोडतं. त्यांना म्हणतात श्राव्यातीत ध्वनी (माणसाच्या कानाच्या पलीकडचा आवाज). वाटेत जिथं जिथं एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो, तिथून थोडा आवाज परत येतो. मांस, रक्तवाहिन्या, पडदे, सगळीकडून प्रतिध्वनी येतात आणि प्रत्येकाचा एक राखाडी ठिपका उमटतो. आता समज, वाटेत नुसतं नितळ पाणी लागलं, तर?"

शलाकानं विचार केला. पाणी इथून तिथून सारखंच. आवाज अडणार कशावर?

"वापस काईच येणार नाई," ती म्हणाली. "म्हणून काळं!"

"शाब्बास. काळं म्हणजे पाणी. तुझ्या आबाजींच्या मूत्रपिंडात पाण्यासारख्या द्रवानं भरलेली एक पातळ पिशवी आहे. तिला सिस्ट (द्रवाची पिशवी) म्हणतात, आणि ही साधी सिस्ट आहे. निदाननं तिला 'गाठ' म्हटलं, ते ऐकून कुणाच्याही तोंडचं पाणी पळेल."

"पण ती आली कुठून?" हा प्रश्न आबाजींचा होता. चाकू तसाच हातात धरून तेही ऐकत होते.

"प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन (रक्त गाळणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या) असतात. दिवसरात्र त्यातून पाणी वाहत असतं. सदुसष्ट वर्षांत एखाद्या नळीची भिंत एखाद्या जागी कच्ची होते..."

"अन् फुगते," आबाजी म्हणाले. "ठिबकची नळी जुनी झाली का उन्हानं जागोजागी फुगे येते तिले."

डॉक्टर हसल्या. "काळमेघजी, हे मी विद्यार्थ्यांना सांगायला पाहिजे! तसंच. फुगा मोठा होत जातो, त्यात द्रव साठतो, आणि पुढं तो नळीपासून तुटून आपला वेगळा राहतो. बहुधा असंच होतं. पण ती भिंत नेमकी का कच्ची होते आणि एकाची होते तर दुसऱ्याची का नाही, हे अजून पुरतं कळलेलं नाही."

शलाकाला हे फार आवडलं. मोठ्या डॉक्टरलासुद्धा सगळं ठाऊक नसतं आणि ती तसं सरळ सांगते, हे तिला नवीन होतं.

"मग मलेबी असंल?"

"चल, निदानलाच विचारू."

तिघं पुन्हा आत गेली. निदान कोपऱ्यात उभा राहून पुढच्या उमेदवाराची वाट बघत होता. गेल्या आठवडाभरात त्यानं साठ जण तपासले होते. डॉक्टरांनी विचारताच तो घडाघडा म्हणाला, "तिशीच्या आतले वीस जण. साधी सिस्ट कुणालाही नाही. तीस ते पन्नास वर्षांचे वीस जण. सिस्ट दोघांना. पन्नाशीपुढचे वीस जण. सिस्ट आठ जणांना."

"पाहिलंस?" डॉक्टर म्हणाल्या. "लहान मुलांत ही क्वचितच दिसते. वय वाढतं तशी ती जास्त जणांना होते, बायकांपेक्षा पुरुषांना जरा जास्तच. केस पिकतात, डोळ्याला चष्मा लागतो, तसंच हे. बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. दुसऱ्याच कशासाठी चित्र काढतात आणि ही सापडते."

"मोठी झाली तर?"

"फार मोठी झाली, कुशीत दुखू लागलं, ताप आला, लघवीत रक्त दिसलं, तर डॉक्टरकडं जायलाच हवं. सुईनं द्रव काढून घेता येतो. आणि सगळ्या सिस्ट साध्या नसतात. काहींची भिंत जाड असते, आत पडदे असतात, घट्ट भाग असतो. त्यांच्यावर नजर ठेवावी लागते. काही घराण्यांत दोन्ही मूत्रपिंडं असंख्य सिस्टनी भरून जातात, तो आजारच वेगळा. पण तुझ्या आबाजींची बघ. एकच, भिंत कागदासारखी पातळ, आत पडदा नाही, काही नाही."

"मग त्यायले पाठवत काऊन नाई?" शलाकाचा आवाज चढला. "साधी आहे म्हणता, अन् पाठवत नाई म्हणता!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "नियम आहे बाळा. साधी सिस्ट वर्षाला साधारण दीड-दोन मिलिमीटर रुंद होते, रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतकी. तरुणपणी जरा भरभर, म्हातारपणी सावकाश. पण एखादी फार वेगानं वाढत असेल, तर ती साधी आहे की नाही अशी शंका घ्यावी लागते. तीन वर्षांत दुप्पट झाली, की माणूस बाद. चंद्रावर मोठं रुग्णालय नाही. आबाजींची दुपटीहून जास्त वाढलीय, आणि तिथंच माझे हात बांधलेत. पाचच्या आत हरकत घ्यायची तर कारण द्यावं लागतं. निकाल आल्यापासून मी कारणच शोधतेय."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते.

"दाखवा बरं मले," शलाका म्हणाली. "तेव्हाचं अन् आताचं."

तीन वर्षांपूर्वी गावात आरोग्य शिबिर झालं होतं, तेव्हाचं चित्र डॉक्टरांनी पाटीवर काढलं आणि त्यावर आजचं ठेवलं. काळ्या वर्तुळावर काळं वर्तुळ. नवं जुन्याच्या बाहेर थोडंसं डोकावत होतं, नखाच्या कडेएवढं.

शलाकानं डोळे बारीक केले. डोकं तिरपं केलं. पाटी लांब धरून पाहिली.

"हे दुप्पट आहे? कुठं आहे दुप्पट? इतकुसं त वाढलं!"

"४.२ मिलिलिटर, ८.७ मिलिलिटर," निदान म्हणाला. "दुपटीहून अधिक. माझ्या मोजणीत चूक नाही."

आता हे कोडं झालं. डोळे सांगत होते एक, यंत्र सांगत होतं दुसरं, आणि खोटं तर दोघंही बोलत नव्हते. शलाकाचे हात आपोआप हलू लागले, तळव्यावर काहीतरी झेलल्यासारखे.

त्याला कारण होतं. सावंगीच्या बागेत तोड सुरू झाली की शलाकाचं काम ठरलेलं. आबाजींनी एक लाकडी फळी केली होती, तिला वेगवेगळ्या मापांची भोकं. साठ मिलिमीटर, पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर. संत्रं कुठल्या भोकातून निसटतं त्यावरून त्याची ढिगारी ठरते, आणि मग पेटी भरून वजन. पाच वर्षं तिनं हजारो संत्री या भोकांतून सोडली होती. जे गणिताच्या पुस्तकात तिनं अजून वाचलं नव्हतं, ते तिच्या हातांना केव्हाच पाठ झालं होतं.

"आबाजी!" ती एकदम ओरडली. "साठच्या भोकातली दोन संत्री अन् पंचाहत्तरच्या भोकातलं एक, काट्यावर काय होते?"

"सारखंच भरते. हे काय इचारणं झालं? पेटी भरताना रोज त पायतं तू."

"मग! पंचाहत्तर हे साठाच्या दुप्पट आहे काय?"

आबाजींनी तिच्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी आबाजींकडं पाहिलं. आणि मग तिघांनीही एकाच वेळी त्या पिशवीकडं पाहिलं. प्रात्यक्षिकासाठी आणलेली फळी तिच्यात होतीच, आणि रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जायचं नाही या आबाजींच्या रीतीप्रमाणं केंद्रातल्या लोकांसाठी आणलेली संत्रीही होती.

शलाकानं झरझर संत्री फळीवर घालून पाहिली. एक साठाच्या भोकातून जेमतेम निसटलं. एक सत्तरात अडलं आणि पंचाहत्तरातून अंग चोरून गेलं. दोन्ही घेऊन ती निदानसमोर उभी राहिली.

"हात पुढं कर. तुझ्या हाताले वजन कळते ना?"

"एक ग्रॅमपर्यंत अचूक," निदान म्हणाला आणि त्यानं तळवा पुढं केला.

"हे धर."

"एकशे दोन ग्रॅम."

"अन् हे?"

"दोनशे सहा ग्रॅम. दुपटीहून अधिक."

"आता रुंदी सांग."

"पहिले, साठ मिलिमीटर. दुसरे, पंचाहत्तर मिलिमीटर. वाढ एक चतुर्थांश." निदान थांबला. त्याच्या कपाळावरचा निळा दिवा दोनदा मिचमिचला. "वजन दुपटीहून अधिक. रुंदी दुपटीहून पुष्कळ कमी. फळे तीच."

"कारण संत्रं एकीकडूनच वाढत नाई," शलाका म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "ते रुंद होते, लांब होते, अन् उंचबी होते. तिन्हीकडून! अन् सिस्टबी गोलच आहे ना? मग रुंदी किती झाली तिची, ते सांग ना. पाणी नको सांगू."

"तीन वर्षांपूर्वी वीस मिलिमीटर," निदान म्हणाला. "आज साडेपंचवीस."

डॉक्टर तिरपुड्यांनी खुर्ची ओढली आणि मटकन बसल्या. मग कागद घेऊन गणित मांडलं, मुलीलाही दिसेल असं.

"साडेपंचवीस भागिले वीस. म्हणजे रुंदी झाली सव्वापटीला थोडी जास्त, १.२७५ पट. आता लांबीही तितकीच पट, उंचीही तितकीच पट. तिघींचा गुणाकार करायचा. १.२७५ गुणिले १.२७५ गुणिले १.२७५." पेन्सिल थांबली. "दोन पूर्णांक शून्य सात. आकारमान (आत मावणाऱ्या द्रवाचं माप) दुप्पट झालं, आणि रुंदी वाढली फक्त साडेपाच मिलिमीटर. तीन वर्षांत! वर्षाला दोन मिलिमीटरसुद्धा नाही!"

"म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी," शलाका म्हणाली.

"म्हणजे अगदी जशी वाढायला हवी तशी!" डॉक्टरांनी कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि एकसष्टावं पान उघडलं. त्यावर स्पष्ट छापलं होतं: 'तीन वर्षांत सिस्टची रुंदी दुप्पट झाल्यास उमेदवार अपात्र.' "हा नियम केला तेव्हा चित्रावर पट्टी ठेवून रुंदी मोजायचे. मग ही नवी यंत्रं आली. ती सगळ्या बाजूंनी बघतात आणि एकदम आकारमानच काढतात. आम्ही यंत्र बदललं आणि तक्ता जुनाच ठेवला. रुंदीच्या चाळणीतून आकारमान गाळत बसलो! तीन महिने मी या तक्त्यावर सह्या करतेय. साप साप म्हणून भुई धोपटत होतो नुसते."

आबाजी खो खो हसले. "मॅडम, तुमी संत्र्याचा एक हंगाम केला असता त हे झालं नसतं. भोक पाहून वजनाचा भाव लावला का व्यापारी एका दिवसात आपल्याले बुडवते."

निदानचा दिवा अजून मिचमिचत होता. "माझ्या मोजणीत चूक नव्हती," तो म्हणाला. "तुलनेत होती. मी हे नोंदवून घेत आहे. कुमारी काळमेघ, दोन्ही फळे परत देऊ का?"

"राहू दे," शलाका म्हणाली. तिचा राग कधीच पळाला होता. "तुले आणली आहेत."

चार वाजून दहा मिनिटांनी हरकत गेली. पुढचा पाऊण तास कुणी धड बसलं नाही. आबाजी बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते आणि शलाका त्यांच्यामागून चालत होती. चार पंचावन्नला भिंतीवरचा मोठा पडदा उजळला. मोहिमेच्या निवड मंडळाच्या अध्यक्षा दिल्लीहून बोलत होत्या. चेहरा करडा होता.

"डॉक्टर तिरपुडे, गणित मी पाहिलं. पण मला एकच सांगा. ही सिस्ट साधीच आहे, हे नुसत्या वाढीवरून म्हणताय?"

"नाही," डॉक्टर उभ्या राहिल्या. "भिंत पातळ आणि गुळगुळीत आहे. आत पडदा नाही, घट्ट भाग नाही. द्रव नितळ आहे, कारण आतून एकही प्रतिध्वनी नाही आणि सिस्टच्या मागचा भाग उजळ दिसतो, म्हणजे आवाज न अडता पार गेलाय. रक्ताची तपासणी उत्तम. दोन्ही मूत्रपिंडं तिशीतल्या माणसासारखी काम करतात. वर्षातून एकदा चित्र काढायचं, ते चंद्रावरही काढता येतं."

अध्यक्षांनी शेजारी कुणाला तरी काही विचारलं. घड्याळाचा काटा सरकला. शलाकानं आबाजींचा हात इतका घट्ट धरला की त्यांची अंगठी तिच्या बोटात रुतली.

"हरकत मान्य," अध्यक्षा म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "वासुदेव काळमेघ, अभिनंदन. तुम्ही चंद्रावर जाताय. आणि डॉक्टर, याच तक्त्यानं देशभरात आतापर्यंत सतरा जणांना घरी पाठवलंय. त्या सतरा जणांची फेरतपासणी उद्यापासून. तक्ता आजच बदलतोय."

मग जो गलका उठला तो काय सांगावा! दारात जमलेले उमेदवार, परिचारिका, चहावाला, सगळे टाळ्या वाजवत आत घुसले. सतरा माणसं! सतरा घरं आज उगाच तोंड पाडून बसली असतील, आणि उद्या त्यांच्याकडं फोन खणखणणार होते. डॉक्टर तिरपुड्यांनी शलाकाला उचलून टेबलावर उभं केलं. अकरा वर्षांच्या मुलीला असं उचलतात का? पण त्या दिवशी चाललं.

आणि आबाजी? पन्नास वर्षं उन्हातान्हात राबलेला तो माणूस उपरण्यात तोंड खुपसून ढसाढसा रडला, आणि रडता रडता नातीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

पुढच्या वर्षी आबाजी चंद्रावर पोचले. जंभेरीची वीस रोपं तिथं आधीच तयार होती. त्यांनी वीस डोळे बांधले आणि वर पट्टी गुंडाळली. पट्टी एकविसाव्या दिवशी सोडायची असते. आत डोळा काळा पडला असेल तर मेला, हिरवा असेल तर जगला.

त्या एकविसाव्या दिवशी सावंगीच्या शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर तिरपुडे नागपूरहून मुद्दाम आल्या होत्या. येताना त्यांनी आबाजींचं चंद्रावर काढलेलं ताजं चित्र शलाकासाठी आणलं होतं. काळं वर्तुळ तिथंच होतं, रुंदी सत्तावीस मिलिमीटर. वर्षभरात दीड मिलिमीटर, शहाण्यासारखी वाढली होती. शलाकानं ते वहीत चिकटवलं. त्या वहीच्या पहिल्या पानावर तिनं लिहून ठेवलं होतं: 'नळीची भिंत कच्ची का होते? एकाचीच का?' डॉक्टरांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे शोधून काढायला तुला वीस वर्षं लागतील."

"लागू द्या," शलाका म्हणाली. "तेव्हा मी बत्तीसचीच असेन."

पडदा उजळला. काचेचा घुमट, बाहेर काळं आकाश, आणि आत आबाजी, पहिल्या रोपासमोर गुडघ्यांवर बसलेले. त्यांचा अंगठा पट्टीच्या टोकावर होता. त्यांनी पट्टी एक वेढा सोडली, दुसरा सोडला, तिसरा सोडला. मग वाकून पाहिलं आणि तसेच राहिले.

"आबाजी, कोणता रंग आहे?" शलाका ओरडली.

इथला आवाज चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो, आणि तिथला इथं यायला आणखी सव्वा. ते अडीच सेकंद सगळं गाव श्वास धरून उभं होतं.

आबाजींनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

"हिरवा हाय वं पोरी! हिरवागार!"